वादाचा सुवर्णमहोत्सव

लग्नाला पन्नास वर्षं झाली की लोक हॉल घेतात. संस्थेला पन्नास वर्षं झाली की स्मरणिका काढतात. वादाला पन्नास वर्षं झाली तर काय करायचं, याची मात्र आपल्याकडे काही रीत नाही. म्हणून ७ जून २०२५ ला, शनिवारी सकाळी, आम्ही दोघं हरिपूर रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यावर गेलो, दोन हाफ चहा आणि एक क्रीमरोल सांगितला, क्रीमरोल मधोमध मोडला आणि वाद पुन्हा पहिल्यापासून घातला.

वाद असा. ७ जून १९७५, तोही शनिवारच. लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंडने साठ षटकांत ४ बाद ३३४ केल्या. आपल्याकडून सुनील गावसकर सलामीला गेला, साठ षटकं संपल्यावर नाबाद परत आला, आणि त्याच्या नावावर होत्या १७४ चेंडूंत ३६ धावा. त्यात चौकार एक. भारत ३ बाद १३२. सामना २०२ धावांनी गेला.

आम्ही तेव्हा आठवीतून नववीत गेलो होतो. वाचनालयात एकाच पेपरावर दोन डोकी घालून आम्ही ती बातमी वाचली. माझा मित्र म्हणाला, “हा देशाचा अपमान आहे.” मी म्हणालो, “आउट तरी झाला का?” बस्स, एवढंच. या दोन वाक्यांवर आमची पन्नास वर्षं निघाली. आमच्या वादाची धावगती त्या डावापेक्षाही कमी आहे हे मान्य; पण आम्हीही नाबाद आहोत.

त्यानंतर अठरा दिवसांनी देशात आणीबाणी लागली. त्याचे वडील इंदिराबाईंच्या बाजूचे, माझे वडील कडवे विरोधक. दोघे रोज संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसायचे. पुढचे एकवीस महिने ते दोघे फक्त पावसापाण्यावर आणि गुळाच्या भावावर बोलले. आम्ही मात्र शेजारी बसून घसा फोडून भांडायचो, कारण गावसकरच्या डावाला सेन्सॉर नव्हता.

मित्राचं नाव या लेखात येणार नाही. तशी त्याची अट आहे. “तुझ्या मतांच्या शेजारी माझं नाव छापून आलं तर लोकांचा गैरसमज होईल,” म्हणाला. म्हणून आपण त्याला विरोधी पक्षनेता म्हणू. हे नाव ऐकवल्यावर तो म्हणाला, “विरोधी पक्षात तू आहेस. सत्तेत मी आहे.”

हा विरोधी पक्षनेता माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा. अकरा दिवस म्हणजे काही फार नव्हे. पण त्या अकरा दिवसांत नेमकं १२ जुलै १९६१ येतं, ज्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं. तेव्हा तो आठ दिवसांचा होता आणि मी अजून यायचा होतो. कुठल्याही वादात कोंडी झाली की तो हे अस्त्र काढतो: “लेका, पानशेत फुटलं तेव्हा मी होतो. तू नव्हतास.” सांगलीत पाळण्यात झोपून त्याने पुण्याच्या पुरात नेमकी काय भूमिका बजावली, हे मी अनेकदा विचारलंय. तो म्हणतो, “साक्षीदार होतो.” पुढे तो पाटबंधारे खात्यात लागला, मी बँकेत. जन्मभर त्याने पाणी मोजलं, मी पैसे मोजले. दोन्हीही दुसऱ्यांचेच.

आमचं एकाही गोष्टीत एकमत नाही, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल. आंबा हापूसच, आणि पावसाळ्यात छत्री न्यावी, या दोन मुद्द्यांवर आम्ही एकत्र आहोत. बाकी सगळं खुलं आहे. हरिपूरच्या संगमावर वारणा कृष्णेला मिळते की कृष्णा वारणेला, हा खटला १९७९ पासून प्रलंबित आहे. भडंगात कच्चा कांदा घालावा की तो बाजूला घ्यावा, हा त्याहून जुना. राजकारणाचं तर बोलायलाच नको. गेल्या दहा-बारा निवडणुकांत आम्ही एकमेकांचं मत इमानेइतबारे रद्द करत आलो आहोत. दोघांनीही घरी झोपून राहायचं ठरवलं असतं तरी निकाल तोच लागला असता. पण आम्ही रांगेत एकामागे एक उभे राहतो आणि बाहेर येऊन एकमेकांना शाईचं बोट दाखवतो.

तो देव मानत नाही. मी मानतो. तरी दर संकष्टीला तो माझ्याबरोबर गणपतीच्या देवळात येतो आणि बाहेर चपलांजवळ उभा राहतो. मी म्हणतो, “चपला राखणं हीसुद्धा सेवाच. तुझ्या खात्यावर पुण्य जमा होतंय.” तो म्हणतो, “तुझा त्याच्यावर खरोखर भरवसा असता तर चपलांना माणूस लागला नसता.” गेली तीस वर्षं मला याचं उत्तर सुचलेलं नाही. पण चपलाही गेलेल्या नाहीत.

आमच्या हिला लग्नानंतरची पहिली काही वर्षं वाटायचं की आमचं खरंच भांडण झालंय. ती मध्ये पडायची, “भाऊजी, जाऊ द्या ना,” म्हणायची, चहा टाकायची. मग तिच्या लक्षात आलं की चहा टाकला की भांडण लांबतं. तिने चहा बंद केला. त्यावर आम्ही त्याच्याकडे जाऊ लागलो. तिथे वहिनींनी दुसरा उपाय काढला. आवाज चढला की त्या शेंगांची पाटी पुढे ठेवतात. “भांडा, पण हात चालू ठेवा.” आजवर आम्ही भांडत भांडत किती शेंगा फोडल्या असतील याचा हिशेब नाही, पण त्यांच्या घरच्या दाण्याच्या कुटात निम्मा तरी वाटा गावसकरचा आहे.

आमच्या वादाचा मूळ नियम एकच: वाद निकाली काढायचा नाही. निकाल लागला की एक जिंकतो, दुसरा हरतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फिरायला जायचं कारण संपतं. त्यामुळे कोणी जिंकायला लागला की दुसऱ्याने घड्याळ बघायचं आणि “बाकीचं उद्या” म्हणायचं. कोर्टालाही हे तंत्र अवगत आहे. फक्त तिथे वकिलाची फी पडते, इथे हाफ चहा.

या नियमावर सगळ्यांत मोठं संकट आलं ते मोबाईलमुळे. १९८८ साली ‘पिंजरा’ कुठल्या वर्षी आला यावर आम्ही सलग तीन आठवडे भांडलो होतो. त्यात शेजारीपाजारी आले, थिएटरच्या जुन्या डोअरकीपरची साक्ष झाली. त्याला साल आठवत नव्हतं, पण त्या वर्षी त्याच्या थोरल्याचं बारसं झाल्याचं आठवत होतं. मग थोरल्याचा शोध सुरू झाला. तो इचलकरंजीला होता. किती माणसं भेटली त्यात! परवा हाच विषय निघाला, तर नातवाने मान वर न करता चार सेकंदांत सांगितलं, “१९७२.” आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तीन आठवड्यांचा ऐवज चार सेकंदांत गेला. तेव्हापासून फिरायला जाताना फोन खिशात आणि तोंड बाहेर, असा दंडक आहे.

फोनचा दुसरा दणका याहून वाईट होता. आमच्या शाळेच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. २०१९ च्या मे महिन्यात लोकसभेचा निकाल लागला त्या रात्री मी ग्रुपवर काहीतरी लिहिलं. त्याने काहीतरी लिहिलं. तोंडाने भांडताना आम्ही याहून दसपट वाईट बोललोय. पण तोंडाने भांडताना समोर चेहरा असतो, क्रीमरोल असतो, आणि “गाढवा” म्हणताना खांद्यावर हात असतो. टायपून भांडताना यातलं काहीच नसतं. नुसता “गाढवा” उरतो, तोही अडतीस जणांसमोर. सव्वाबाराला विरोधी पक्षनेत्याने सभात्याग केला. दुसऱ्या दिवशी सहाला मी कोपऱ्यावर गेलो नाही. तोही आला नव्हता, हे मला नंतर कळलं. म्हणजे न येण्यावर तरी आमचं एकमत झालं.

मग मी माझ्या मताच्या लोकांबरोबर फिरायला जाऊ लागलो. चार सज्जन गृहस्थ. मी एक वाक्य बोलायचो, चौघं म्हणायचे, “अगदी बरोबर.” मग पुढे बोलायला काही उरायचं नाही. चिंचांची झाडं मोजत जायचं आणि मोजत यायचं. हरिपूर एवढं लांब आहे, हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं.

अडीच महिने असे गेले आणि ऑगस्टचा पहिला आठवडा आला. पाऊस थांबेना, कोयनेतून पाणी सोडलेलं. दुसरीकडे लोक एकमेकांना “काय, कसं काय?” विचारतात, त्या दिवसांत सांगलीकर फक्त “किती फूट?” विचारतो. आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. माझं घर गावभागात, पण मी निवांत होतो. २००५ च्या महापुरात पाणी आमच्या दुसऱ्या पायरीला शिवून परत गेलं होतं, आणि त्या जागी मी ऑइलपेंटने रेघ मारून ठेवली होती.

दारात टेम्पो थांबला. विरोधी पक्षनेता उतरला. अडीच महिन्यांनंतरचं त्याचं पहिलं वाक्य होतं, “फ्रिज रिकामा कर.”

मी म्हणालो, “अरे, २००५ ला...”

“ते २००५. हे २०१९.”

“पायरीवरची रेघ बघ की.”

“नदीला वाचता येत नाही, लेका.”

आम्ही फ्रिज उचलला. दोघंही अठ्ठावन्न वर्षांचे. उंबऱ्यात फ्रिज अडकला. तो म्हणाला, आडवा कर. मी म्हणालो, उभाच जाईल. तिथे पाच मिनिटं वाद झाला, आणि मला एकदम बरं वाटलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला “अगदी बरोबर” म्हणालं नव्हतं.

त्याचं घर विश्रामबागेत, उंचावर. तिथे आम्ही आठ दिवस राहिलो. आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि माझ्या घरात कमरेएवढं उभं राहिलं. विश्रामबागेत आम्ही चौघं, वहिनींचं पिठलं-भाकरी, वीज नाही, टीव्ही बंद, फोन मेलेले. म्हणजे वादाला सर्वोत्तम हवामान. विषयही आयता होता. सांगलीत दर पुराला दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, खाली कर्नाटकात अलमट्टीला पाणी अडवतात म्हणून इथे फुगतं. दुसरा म्हणतो, अलमट्टीचा संबंध नाही. वरचा पाऊस बघा, कोयनेचा विसर्ग बघा, आणि नदीच्या पात्रात आपणच काय काय बांधून ठेवलंय ते बघा. मी पहिल्या पक्षात. तो दुसऱ्या, आणि शिवाय खात्यातला. तो कागदावर आकडे मांडायचा: कोयना १०५ टीएमसी, अलमट्टी १२३, पातळी ५१९ मीटर. मी म्हणायचो, “माझ्या स्वयंपाकघरात पाणी आहे, हा माझा आकडा.” पुढे अलमट्टीची उंची ५२४ मीटरवर न्यायची चर्चा पुन्हा सुरू झाल्यावर आमच्याही वादाची उंची त्या प्रमाणात वाढलेली आहे.

आता एक गोष्ट सांगतो. या माणसाला १९७५ पासूनचं माझं प्रत्येक चुकीचं वाक्य तारीखवार पाठ आहे. १९८३ च्या विश्वचषकाआधी “आपण पहिल्या फेरीतच परत येणार” असं मी म्हणालो होतो, ते तो अजून दर २५ जूनला सकाळी सहाला ऐकवतो. पण “मी तुला सांगितलं होतं” हे वाक्य पुराबद्दल त्याने आजपर्यंत एकदाही उच्चारलेलं नाही. पाणी ओसरल्यावर आम्ही घरातला गाळ काढला. भिंती वाळल्यावर एक दिवस तो ऑइलपेंटचा डबा घेऊन आला आणि दाराशेजारी भिंतीवर, कमरेच्या उंचीवर, नवी रेघ मारली. खाली ‘२०१९’ लिहिलं. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे मी त्याच्याजवळ कबूल केलेलं नाही.

आमची मैत्री खऱ्या अर्थाने धोक्यात आली ती मात्र भांडणामुळे नव्हे, एकमतामुळे. २०२२ साली मिरजेच्या एका दवाखान्यात माझ्या छातीत स्टेंट बसवला. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षनेता भेटायला आला. हातात शहाळं, चेहरा मवाळ. मला वाटलं, जरा करमणूक होईल. म्हणालो, “त्या दिवशी गावसकर खेळला ते बरोबरच होतं.”

तो म्हणाला, “हो. बरोबरच होतं.”

माझ्या पोटात गोळा आला. मी घाईघाईने म्हणालो, “अलमट्टीमुळेच पूर येतो.”

“असेल बाबा. येत असेल.”

मला घाम फुटला. मॉनिटर टिटटिट करायला लागला, सिस्टर धावत आल्या. मी त्यांना विचारलं, “डॉक्टरांनी यांना काय सांगितलंय? मला खरं काय ते सांगा. माझ्या हातात किती दिवस आहेत?” पंचेचाळीस-सत्तेचाळीस वर्षं जो माणूस एका चौकारावरून मागे हटला नाही, तो आज अलमट्टी सोडून देतो, म्हणजे माझी केस गेलीच असणार. शेवटी उलगडा झाला. आमच्या हिने त्याला जिन्यातच थांबवून ताकीद दिली होती: “भाऊजी, आत गेल्यावर ते म्हणतील त्याला हो म्हणायचं. उलट बोलायचं नाही.” बिचाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी ऐकलं आणि मला दुसरा झटका यायची वेळ आणली.

चौथ्या दिवशी घरी सोडलं. रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, “ते दवाखान्यातलं बोलणं मी मागे घेतो. दबावाखाली दिलेला जबाब होता. चौकार एक, चेंडू १७४. अपमान तो अपमानच.” मला एवढं बरं वाटलं की मी रिक्षावाल्याला वीस रुपये जास्त दिले. त्यावरही तो बोललाच.

गावसकरवरून आम्ही भांडतो तेव्हा विश्वनाथही येतोच. विरोधी पक्षनेता म्हणतो, विश्वनाथची एक स्क्वेअर कट आणि गावसकरची अख्खी मालिका. त्या दोघांचं काय झालं, तर विश्वनाथने गावसकरच्या बहिणीशी लग्न केलं आणि गावसकरने मुलाचं नाव ठेवताना रोहन जयविश्व असं त्यात विश्वनाथलाही बसवलं. आम्ही इकडे त्यांच्यासाठी घसे फोडतोय आणि ते मेहुणे-मेहुणे तिकडे एका पंगतीला.

सगळ्यांच्या नशिबी हे नसतं. आमच्या शाळेच्या वर्गात दोन तसबिरी होत्या, टिळक आणि आगरकर. मी टिळकांचा, तो आगरकरांचा, आणि त्यालाही कारण तेच: आगरकर १४ जुलै १८५६ चे, टिळक २३ जुलैचे. “नऊ दिवसांनी मोठे!” असं तो अशा थाटात सांगतो, जणू ते त्याच्याच घरचे. डेक्कन कॉलेजातले दोस्त. पुढे दोघांनी मिळून शाळा उभारली, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ चालवले, १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस काढले. मग आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी समाजसुधारणा यावर बिनसलं. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ साली ‘सुधारक’ काढला, आणि ज्यांनी एका कोठडीत दिवस काढले ते दोघे दोन पत्रांतून एकमेकांवर तुटून पडू लागले. १७ जून १८९५ ला आगरकर गेले. चाळिशीही गाठली नव्हती. त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी ‘केसरी’त लिहिला, आणि लिहिताना ते रडत होते, असं सांगतात.

एवढ्या थोर माणसांबद्दल बोलण्याची आमची पायरी नाही. पण विरोधी पक्षनेत्याचं एक निरीक्षण आहे, आणि अपवाद म्हणून ते मला पटतं. तो म्हणतो, वाद वाढला तो मुद्द्यामुळे नाही, दोन पेपर झाल्यामुळे. आमच्याकडे दोघांत मिळून एकच पेपर येतो. बाहेरची पानं तो आधी वाचतो, आतली मी. दोघांनाही जगाची माहिती अर्धीच असल्यामुळे उरलेल्या अर्ध्यासाठी सकाळी एकमेकांची गाठ घ्यावीच लागते.

माझं निरीक्षण वेगळं आहे. मित्राबद्दलचं चांगलं बोलणं आपण त्याच्या मृत्युलेखासाठी राखून ठेवतो, आणि तो वाचायला नेमका तोच नसतो. शिवाय त्या लेखाला उलट उत्तर येत नाही, ही त्यातली सगळ्यांत मोठी गैरसोय. म्हणून म्हटलं, आमच्यावरचा लेख दोघंही हिंडते-फिरते असतानाच लिहून टाकावा. तुमचाही असा कोणी असेल तर कोपऱ्यावर त्याला भेटा आणि काल अर्धवट राहिलेलं तिथून पुढे सुरू करा. तुम्हीच बरोबर आहात हे मला ठाऊक आहे. त्याला सांगण्याची घाई करू नका.

हा लेख काल त्याला वाचायला दिला. त्याने चष्मा पुसला, खिशातलं लाल पेन काढलं, दोनदा वाचला आणि पाटबंधारे खात्याच्या सवयीने खाली शेरा मारला: “आकडे तपासले. १७४ बरोबर. उर्वरित मजकुराशी असहमत.” त्याखाली सही केली आणि तारीख घातली.